वहिनींचे इंग्रजी अलंकार

इंग्रजीत नापास होणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. पुष्कळ माणसं इंग्रजीत नापास होऊन पुढे सुखाने संसार करतात, काही तर इंग्रजी बोलतातसुद्धा. पण वाचनालयात मदतनिसाची कायम जागा निघाली, तिच्या जाहिरातीत ‘शालान्त परीक्षा सर्व विषयांसह उत्तीर्ण’ अशी अट आली आणि त्या ‘सर्व’ शब्दापाशी वहिनींचं घोडं अडलं. बाकीचे विषय कधीच सुटले होते. इंग्रजी तेवढं लग्नाआधीपासून राहिलं होतं, आणि राहिलेली गोष्ट संसारात जशी माळ्यावर जाते तसं तेही गेलं होतं.

वहिनी म्हणजे सगळ्या इमारतीच्या वहिनी. सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्या वडिलांच्या वयाचे, तेही वहिनी म्हणत. एकदा तर खुद्द यजमानांनीही चारचौघांत चुकून वहिनी म्हटलं होतं. तो विषय घरात काढायचा नाही असं ठरलेलं आहे. वाचनालयात त्या कित्येक वर्षं हंगामी होत्या. हंगामी खरं तर फळांनी असावं, माणसांनी नव्हे. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कोण रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचतं आणि कोण ते फाडूनच ठेवतं, हे सगळं वहिनींना तोंडपाठ. पण कायम जागेवर दुसरं कोणी आलं की हंगामी माणूस घरी जाणार, हे उघड होतं. त्यात वाचनालयाच्या अध्यक्षांना एक भाची होती. ती सर्व विषयांसह उत्तीर्ण होती आणि धुळीची ॲलर्जी असल्यासारखी पुस्तकांपासून लांब राहत होती.

तेव्हा वहिनींनी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. शाळेच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि लेकीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठ्या असलेल्या बाईंना ‘बाई’ म्हणायचं, याची त्यांनी मनाची तयारी केली. बाई कडक होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की पेपरातला चौथा प्रश्न सगळा संज्ञांवर असतो. या संज्ञा आल्या तर सुटलात, नाहीतर पुन्हा भेटू. वहिनींनी संज्ञा पाठ करायला घेतल्या आणि आठवड्याभरात त्यांची स्वतःची संज्ञा हरपायची वेळ आली. सिमिली आणि मेटाफर ही जुळी भावंडं. एकीला हाक मारावी तर दुसरी ओ देई. ऑक्सिमोरॉन म्हणजे परस्परविरोधी शब्दांची जोडी, इतकं तोंडपाठ झालं, पण असली जोडी कोण कशाला जमवेल ते काही कळेना. ऑनोमॅटोपिया हे नाव ऐकून यजमानांनी काळजीने विचारलं, की यावर गोळ्या आहेत की नुसतं पथ्य.

यजमान एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होते आणि आपल्या काळात आपलं इंग्रजी फार चांगलं होतं अशी त्यांची पक्की समजूत होती. समजून घ्यायच्या फंदात पडू नये, सरळ घोकावं, असा त्यांचा सल्ला. स्वतः मात्र ते हायपरबोलीला ‘हायपरबोल’ म्हणत आणि जास्त बोलणाऱ्या माणसाला तसं म्हणतात असा खुलासाही करत. शेवटी लेकीने सूत्रं हाती घेतली. तिने प्रत्येक संज्ञेची एक चिठ्ठी केली आणि घरभर चिकटवली. येताजाता दिसली पाहिजे, म्हणजे डोक्यात बसते. आजीने विचारलं, हे काय गं? तर लेक म्हणाली, “आजी, आपल्याकडे भाषेत अलंकार असतात ना? तेच हे, इंग्रजीतले.”

आजी म्हणजे वहिनींच्या सासूबाई. त्यांनी ते नीट ऐकलं, नीट समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात पॉलिसीकाकांना जसंच्या तसं सांगितलं.

पॉलिसीकाका खालच्या मजल्यावर राहत. धंदा विम्याचा. माणूस भेटला की तब्येत कशी आहे असं ते अशा सुरात विचारत, की धडधाकट माणसानेही घरी जाऊन नाडी बघावी. त्यांनी सहज चौकशी केली, सूनबाई हल्ली संध्याकाळच्या दिसत नाहीत.

“अलंकारांच्या मागे आहे ती,” सासूबाई म्हणाल्या. “बारा झाले. अजून आठ व्हायचेत.”

पॉलिसीकाकांनी जिन्याचा कठडा धरला. “घरातलेच, जुने?”

“छे. सगळे इंग्रजी.”

“मग ठेवता कुठे?”

“ठेवायचं काय त्यात? एक फ्रिजवर आहे, दोन आरशावर. काल एक मोरीत पडून वाहून गेला. तर म्हणते कशी, जाऊ द्या, लेक दुसरा करून देईल.”

“आणि निगा?”

“रोज पहाटे उठून उजळणी करते. त्याशिवाय राहत नाहीत म्हणे.”

आता यात सासूबाईंचा एक शब्द खोटा असेल तर दाखवावा. पण पॉलिसीकाकांच्या डोळ्यांपुढे आली ती पहाटे उठून वीस विलायती दागिने ब्रशने घासून उजळणारी बाई. ते त्याच संध्याकाळी फॉर्म घेऊन आले. वहिनी नुकत्याच वर्गातून आल्या होत्या आणि डोक्यात सिमिली-मेटाफरची मारामारी चालू होती. काका म्हणाले, काही कमीजास्त झालं तर हाताशी काहीतरी असावं. वहिनी म्हणाल्या, मला काय धाड भरलीय? काका म्हणाले, तुम्हाला नव्हे हो, अलंकारांना. वहिनींना वाटलं, आख्ख्या इमारतीला आपला अभ्यास कळलाय आणि हेही आता थट्टा करायला आलेत. त्यांनी ताडकन सांगितलं, “ते माझ्या डोक्यात आहेत. तिथून कोण चोरून नेतंय?” आणि दार लावून घेतलं.

पॉलिसीकाका जिना उतरता उतरता हिशेब करत होते. नुसते डोक्यातलेच इतके, तर गळ्यातले किती असतील?

इमारतीत बातमी पसरायला नळाला पाणी येण्याइतकाच वेळ लागतो. रात्रीपर्यंत विसाचे पन्नास झाले आणि वहिनींच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, असं पॉलिसीकाका सांगू लागले. सेक्रेटरींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले होते. आयुष्यभर दुकानदारांची वजनं तपासल्यामुळे शेजाऱ्याच्या ‘गुड मॉर्निंग’मध्येही काही कमी भरतंय का हे ते आधी बघत. त्यांनी सकाळी फाटकावर एक कागद लावला. त्यात लिहिलं होतं, की इमारतीत एका सभासदाकडे मोठा ऐवज असून ही गोष्ट कोणीही कोणाला सांगू नये. फाटकाबाहेरून येणारेजाणारे थांबून तो कागद वाचत होते. भाजीवाल्याने तर तो मोठ्याने वाचला. वहिनींनी मात्र वाचला नाही, कारण फाटकातून येताजाता त्या डोळे मिटून घोकत असत.

मग वॉचमनला शिट्टी मिळाली, फाटकावर रजिस्टर आलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याने कामाचं स्वरूप सांगितल्याशिवाय आत सोडायचं नाही असा ठराव झाला. या ठरावात पहिल्यांदा सापडल्या त्या इंग्रजीच्या बाई. वहिनी एक दिवस वर्गाला आल्या नाहीत म्हणून, कडक असल्या तरी मनाने चांगल्या असलेल्या बाई स्वतः घरी यायला निघाल्या होत्या. वॉचमनने काम विचारलं. बाई म्हणाल्या, “अलंकार तपासायला आलेय.”

वॉचमनने शिट्टी फुंकली. सेक्रेटरी धावत खाली आले, त्यांनी बाईंना सोसायटीच्या कचेरीत नेलं आणि अदबीने विचारलं, की आपण कुठल्या खात्याच्या. बाई म्हणाल्या, शिक्षण खात्याच्या. सेक्रेटरींनी डोळा बारीक केला. छापा घालणारी माणसं खरं खातं कधी सांगत नाहीत हे त्यांना नोकरीमुळे माहीत होतं. त्यांनी तीन प्रतींत फॉर्म भरून मागितला. ‘तपासणीचं साधन’ या रकान्यात बाईंनी ‘लाल पेन’ लिहिलं. हा अर्ज सभेपुढे ठेवू, असं सांगून सेक्रेटरींनी त्यांना परत पाठवलं. बाईंनी वर्गात वहिनींना एवढंच विचारलं, की तुमची इमारत इमारतच आहे ना, की आणखी काही. वहिनी शरमेने अर्ध्या झाल्या. नापास होणं परवडलं, पण बाईंपुढे मान खाली घालणं नको, असं त्यांना झालं.

घरी येऊन त्यांनी यजमानांना धरलं. तेव्हा कळलं, की आपल्याकडे विलायती दागिने आहेत अशी इमारतीची समजूत आहे आणि स्वारीला हे सगळं आधीपासून माहीत होतं. सेक्रेटरी त्यांना हल्ली बसायला खुर्ची देत, त्यांची स्कूटर सावलीत लागत होती आणि पॉलिसीकाका त्यांना चहा पाजून वर ‘मालक’ म्हणत होते. कोणी अलंकारांचं विचारलं तर यजमान मान किंचित खाली घालून म्हणत, “आहेत थोडेफार. पण आम्ही कधी मिरवले नाहीत.”

“मी खोटं काय बोललो?” यजमानांनी विचारलं. “अलंकार आहेत की नाहीत? आहेत. मिरवले का? नाही.”

ते खोटं नव्हतं, याचाच वहिनींना जास्त राग आला.

पण खरा दणका दुसऱ्या दिवशी बसला. वाचनालयाचे अध्यक्ष सेक्रेटरींचे मेहुणे. ते वहिनींच्या टेबलापाशी आले, एक पुस्तक उगाच उघडून मिटलं आणि फार गोड आवाजात बोलू लागले. तुमच्यासारख्या घरंदाज बाईंनी इथे कार्डं लिहीत बसावं हे आम्हालाच बरं वाटत नाही, म्हणाले. “ज्याला गरज आहे त्याला जागा मिळावी, असं समितीचं मत पडतंय. तुम्हाला काय कमी आहे, वहिनी?”

वहिनींना क्षणभर काही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा हातातलं कार्ड त्यांनी चुकीच्या खणात खोचलं. परीक्षेत नापास झाल्या असत्या तर त्यांनी दोष स्वतःला दिला असता. पण नसलेल्या दागिन्यांपायी असलेली जागा जाणार? ज्या टेबलाशी त्यांनी अर्धं आयुष्य घातलं, ते टेबल? त्या त्या दिवशी लवकर निघाल्या आणि रस्ताभर स्वतःला बजावत आल्या, की रडायचं तर घरी जाऊन.

फाटकापाशी मात्र त्या थांबल्या. रडू दाबायला कुठेतरी बघायचं म्हणून त्यांनी सेक्रेटरींचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. वर ठळक अक्षरांत मथळा होता: ‘जाहीर गुप्त सूचना’.

वहिनींनी तो पुन्हा वाचला. जाहीर, आणि गुप्त. परस्परविरोधी शब्दांची जोडी. इतके दिवस असली जोडी कोण कशाला जमवेल असं वाटत होतं, तर आपल्याच सेक्रेटरींनी जमवून फाटकावर टांगली होती. त्या मोठ्याने ‘ऑक्सिमोरॉन’ म्हणाल्या. वॉचमनने घाबरून शिट्टी तोंडाशी नेली. वहिनी जिना चढू लागल्या आणि पायरीगणिक एकेक गोष्ट उलगडत गेली. पाय ठेवायला जागा नाही, हे काय होतं? पॉलिसीकाकांचं ‘काही कमीजास्त’ काय होतं? आणि यजमानांचं ‘कधी मिरवले नाहीत’? आख्खी इमारत महिनाभर त्यांचा चौथा प्रश्न सोडवत बसली होती, आणि त्या मात्र आरशावरच्या चिठ्ठ्या घोकत होत्या. घराच्या दारात पोचेपर्यंत त्यांचं रडू पळालं होतं आणि त्या जागी राग होता, चांगला खणखणीत, कामाला लावण्याजोगा.

त्यांनी सेक्रेटरींना निरोप धाडला, की रविवारी सकाळी आपण सगळे अलंकार दाखवणार आहोत. सभासदांनी यावं, मेहुण्यांनाही आणावं. बाईंना त्यांनी स्वतः जाऊन बोलावलं आणि फाटकापर्यंत घ्यायला गेल्या.

रविवारी घर भरलं. पॉलिसीकाका भिंग घेऊन आले. सेक्रेटरींनी कपाटातून आपला जुना पितळी तराजू काढून आणला होता. नोकरीनंतर प्रथमच त्याला काम मिळणार म्हणून त्यांनी तो पुसून लखलखीत केला होता. अध्यक्ष आरामखुर्चीत बसले. यजमान स्वयंपाकघरात कुठलं तरी काम शोधत होते. टेबलावर वहिनींनी एक स्वच्छ पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्यावर काहीही नव्हतं.

“मांडा,” सेक्रेटरी म्हणाले आणि तराजू टेबलावर ठेवला. तो खण् असा वाजला.

“हा पहिला,” वहिनी म्हणाल्या. “खण्. आवाजावरून झालेला शब्द. ऑनोमॅटोपिया.”

सगळे टेबलाखाली बघू लागले. काहीतरी पडलं असावं अशी त्यांची समजूत झाली. वहिनी आधी थोड्या अडखळल्या. पण समोर बाई बसल्या होत्या आणि बाईंचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता, तो बघून त्यांना धीर आला. त्यांनी पॉलिसीकाकांना विचारलं, आमच्या घरात पाय ठेवायला जागा नाही असं आपणच म्हणालात ना? आता किती पाय ठेवलेत बघा. या अतिशयोक्तीला हायपरबोली म्हणतात. चोरी, आग, मरण हे शब्द टाळून आपण काही कमीजास्त झालं तर म्हणता, तो युफेमिझम. तो तर आपला रोजचा दागिना. परवा कोणी मला तिजोरीसारखी म्हणालं ती सिमिली, आणि तिसऱ्या मजल्यावर नुसतंच चालतीबोलती तिजोरी म्हणतात तो मेटाफर. ‘सारखी’ गेलं की संपलं, एवढ्यासाठी मी महिनाभर डोकं फोडत होते. फाटकावरचा ऑक्सिमोरॉन सेक्रेटरीसाहेबांनी स्वतःच्या हस्ताक्षरात घडवून दिला, त्याबद्दल त्यांचे आभार. आणि थोडेफार आहेत पण मिरवले नाहीत, हा एका शब्दाचे दोन अर्थ करणारा पन स्वयंपाकघरात लपून बसलाय, त्याने बाहेर यावं.

यजमान चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. हसायला पहिली सुरुवात बाईंनी केली. मग पॉलिसीकाका हसले, कारण आपला रोजचा दागिना आहे हे त्यांना मनापासून आवडलं होतं. सेक्रेटरींनी तराजूची पारडी हळूच एकात एक घातली.

“म्हणजे सोनं नाहीच?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “आणि शेवटचा अलंकार आपलाच आहे, साहेब. अलंकार म्हटल्यावर शेजाऱ्यांना सोनं आठवलं, त्यात त्यांची चूक नाही. पण आपण वाचनालयाचे अध्यक्ष. आपल्यालाही पुस्तक आठवलं नाही. याला आयर्नी म्हणतात. आणि तिच्यापायी माझी जागा चालली होती.”

 वहिनींना वाटलं, झालं, आता जागा गेलीच. तोंडाला आलेलं बोलून टाकण्याची किंमत त्यांना माहीत होती. पण त्यांना पश्चात्ताप वाटला नाही. उलट कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं मोकळं वाटलं. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, की मी हेच तर सगळ्यांना सांगत होते, कोणी नीट ऐकून घेतलं नाही.

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. मग खाकरून म्हणाले, “पास व्हा. पास झालात तर जागा तुमची.” सेक्रेटरींना सभेचं इतिवृत्त लिहायची सवय, समोर सभा बसलेली पाहून त्यांनी ते वाक्य तारखेनिशी लिहून घेतलं आणि मेहुण्यांपुढे सहीला धरलं. अध्यक्षांना सही करावी लागली.

परीक्षेत चौथा प्रश्न आला. संज्ञा सांगून प्रत्येकी एक स्वतःचं उदाहरण द्या, असं म्हटलं होतं. बाकीचे लोक पाठ केलेली उदाहरणं आठवत छताकडे बघत होते, वहिनी मात्र मान वर न करता लिहीत होत्या. पुरवणी मागताना त्यांना थोडी लाज वाटली, पण मागितली. इमारत मोठी होती, उदाहरणं संपत नव्हती. घंटा झाली तेव्हा वॉचमन लिहायचा राहून गेला याची त्यांना खरंच हळहळ वाटली.

निकालाच्या दिवशी बाईंनी वर्गात नाव वाचलं आणि वाचून झाल्यावर कागद खाली ठेवून स्वतः टाळ्या वाजवल्या. वहिनी संध्याकाळच्या वर्गात पहिल्या आल्या होत्या. वर्ग छोटा होता, दोघांनी परीक्षाच दिली नव्हती आणि एक जण पेपरात झोपला होता, पण पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर. वहिनी बाकावर बसून मनसोक्त रडल्या. बाई पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, आता उठा, हा बाक तुम्हाला लहान होतो.

वाचनालयात कायमपणाच्या पत्रावर सही करून वहिनी घरी आल्या तेव्हा जिन्यात गर्दी होती. मधोमध यजमान उभे होते. लग्न झाल्यापासून ज्यांनी चारचौघांत बायकोच्या इंग्रजीवर विनोद केले होते, तेच यजमान हातवारे करून भाजीवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना सांगत होते, की आमची बायको इंग्रजीत आख्ख्या देशात पहिली आली, असा पेपर आजवर कोणी लिहिला नव्हता म्हणतात, आणि तपासणाऱ्याने म्हणे तो उभं राहून वाचला. भाजीवाला निघू लागला तर त्याची टोपली धरून ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

वहिनी चार पायऱ्या खाली थांबून ऐकत राहिल्या. याला काय म्हणतात ते आता त्यांना पक्कं ठाऊक होतं, स्पेलिंगसकट. पण यजमानांचं सगळं सांगून होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.